ओळंबेसाहेबांची काच

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुणाकुणाची ये-जा असेल तेही विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक हिरवी काचेची गोटी काढली, खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवली आणि म्हणाले, "बघा." गोटी क्षणभर थांबली आणि मग हळूहळू मोरीच्या दिशेनं निघाली. मोरीच्या कठड्याला टेकून ती थांबेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे होतो.

"स्लोप," ते समाधानानं म्हणाले. "मुद्दाम दिलेला. फरशी धुतली की पाणी मोरीकडंच गेलं पाहिजे. याला घाबरायचं नाही."

मी तोवर घाबरलेच नव्हते. पण घाबरायचं नाही असं कुणी आपणहून सांगितलं की मी घाबरायला लागते. माझा स्वभावच तसा. मी लगेच भिंतींकडे आणि छताकडे बघायला लागले.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"शाळेत इंग्रजी शिकवते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा. मग सांगा बघू बाई, टिल्ट आणि लिस्टमध्ये फरक काय?"

"लिस्ट म्हणजे यादी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे इतक्या कीवेनं पाहिलं की मला बी.एड.ची तोंडी परीक्षा आठवली. खोली मात्र मिळाली.

गल्लीत त्यांना सगळे ओळंबेसाहेब म्हणत. आडनाव ते नव्हतं. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधलेला जो धातूचा गोळा सोडतो, तो ओळंबा ते कुठंही जाताना पिशवीत ठेवत, म्हणून ते नाव पडलं होतं. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून उभी नोकरी केलेला माणूस. अंगानं काटकुळा आणि इतका ताठ की चप्पल घालायलासुद्धा वाकायचा नाही, पायानंच चाचपून घालायचा. लोकांच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे, मग पाणी मागायचे. एकदा गल्लीतल्या एका लग्नात मांडवाचा एक खांब त्यांना पसंत पडला नाही. "टिल्ट आहे, आणि खुंटी ढिली आहे," असं वरपक्षाला सांगून ते ताट घेऊन उन्हात जाऊन बसले. बरोबर मलाही बसवलं. खांब काही पडला नाही. माझी जिलबी मात्र वितळली.

घरी त्यांची भाषा तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दख्खनी. पण कललेल्या वस्तूविषयी बोलायचं झालं की इंग्रजीशिवाय दुसरी भाषा तोंडात नाही. एका जाड वहीत त्यांनी असे शब्द उतरवून ठेवले होते, प्रत्येकासमोर पेन्सिलीनं काढलेली लहानशी आकृती. छपराचा उतार म्हणजे पिच. किल्ल्याच्या तटाला मुद्दाम मागं दिलेला कल म्हणजे बॅटर, त्याच्याखाली खुशाल झोपावं. वळणावर रुळाची बाहेरची बाजू उचललेली असते ती कँट. तासलेली कड बेव्हल. अक्षर पुढं झुकलेलं असलं तर स्लँट. शिडी भिंतीवर टेकते ते लीन, म्हणजे ज्याला टेकायला कुणी आहे ते.

"आमच्यात लीन देवापुढं होतात," मी एकदा म्हटलं.

"तिथंही टेकायला कुणी आहे म्हणूनच होतात की," ते म्हणाले आणि पान उलटलं.

माझ्या अज्ञानावर त्यांचा राग नव्हता, पण ते सोडूनही देत नसत. टिल्ट आणि लिस्टचं उत्तर त्यांनी मला आठवडाभर ताटकळत ठेवून मग दिलं. टिल्ट म्हणजे आत्ता कललंय, धरून सरळ करता येतं. जहाज वाऱ्यानं कलतं ते हील, वारा पडला की जहाज आपोआप सरळ. पण आतला माल सरकला किंवा पाणी शिरलं, आणि वारा नसतानाही जहाज एका अंगावर राहिलं, तर ते लिस्ट. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. या गृहस्थांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीला. जहाज पाहिलंच नव्हतं. तरी त्या जहाजाची काळजी त्यांच्या कपाळावर दिसत होती.

माझ्यावरही त्यांनी हे प्रयोग केले. एके दुपारी मी शाळेतून आले तर म्हणाले, "बाई, उजवा खांदा खाली आहे तुमचा. हील का लिस्ट? पिशवी काढा." वह्यांनी भरलेली पिशवी मी काढून जिन्यावर ठेवली. ते लांब गेले, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "पिशवी नसतानाही आहे. आत काय सरकलंय?"

गावी, वैरागला, घरी भांडून, ठरत आलेलं लग्न मोडून मी सोलापुरात येऊन राहिले होते. हे त्या घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी वर जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं वाटीभर दही आणून दिलं आणि विचारलं मात्र काहीच नाही.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. बुटकी, गोल, हसरी बाई. नवरा जितका घाबरायचा तितकी ही हसायची. तिचा लाडका शब्द 'थोडं'. भात थोडा करपलाय, पाय थोडा मुरगळलाय, नळाला थोडं पाणी येतंय. आणि या एका शब्दाचा साहेबांना मनस्वी तिटकारा. "थोडं म्हणजे किती?" ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे. "इंच सांग, सूत सांग."

त्या तिटकाऱ्याची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका खेड्यात शाळेची भिंत बघायला पाठवलं होतं. त्यांनी अहवालात लिहिलं, 'भिंत थोडी कललेली आहे.' अहवाल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला. थोडीच कललेली आहे, तर बघू पुढच्या वर्षी, असं सगळ्यांनी म्हटलं. दीड महिन्यानं भिंत पडली. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली, पण शिपाई सापडला आणि त्याचा पाय गेला. "माझ्या एका शब्दानं गेला," ते म्हणाले. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरनं त्यांना जवळ बसवून सांगितलं, प्रत्येक कलण्याला वेगळं नाव असतं, नाव कळलं की धोका कळतो. त्या दिवशी वही सुरू झाली. आता यात इंग्रजीचा काय दोष आणि मराठीचा काय, असं मी म्हणू शकले असते. पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले.

आता त्यांच्या स्वतःच्या भिंतीबद्दल सांगायला हवं.

साहेबांच्या वडिलांचे हातमाग होते. मागांची ती शेड केव्हाच गेली, पण तिची एक भिंत राहिली होती. दगडमातीची, दोन पुरुष उंच, घराच्या कोपऱ्यापासून निघून गल्लीच्या कडेनं लांबवर गेलेली. ती गल्लीच्या बाजूला कललेली होती. साहेबांच्या हिशेबानं दोन इंच, आणि गेली बारा वर्षं दोनच इंच. "कललेली आहे, पण थांबलेली आहे," असं ते म्हणायचे. तरीही त्यांना ती पाडायची होती. अक्का पाडू देत नव्हती, कारण दुपारी त्या भिंतीची सावली गल्लीत पडायची आणि त्या सावलीत दहा-अकरा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. अक्कानं स्वतः तीस वर्षं तिथं बसून विड्या वळल्या होत्या. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सावली म्हणजे काय ते सांगायला नको. "सावली पाडायची म्हंजे काय?" ती म्हणायची. "त्या बाया कुटं जातील?"

शेवटी नवराबायकोत तह झाला होता, आणि तो एका काचेवर झाला होता. घराची भिंत आणि ती जुनी भिंत जिथं कोपऱ्यात मिळायच्या तिथं वरपासून खालपर्यंत एक चीर होती. साहेबांनी त्या चिरेवर आडवी काचेची पट्टी बसवली, बोटभर रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की केलेली. पूल असतो तशी. काच वाकत नाही, ताणत नाही. भिंत केसभर सरकली तरी ती फुटणार. काच शाबूत आहे तोवर भिंत थांबलेली आहे, तोवर ती पाडायची नाही. ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी मजूर बोलवायचे. असा तो करार.

त्यामुळे रोज सकाळी सात वाजता साहेब कोपऱ्यात जायचे, काचेवर बोट फिरवायचे आणि दुसऱ्या एका वहीत तारीख घालून लिहायचे, 'काच शाबूत.' मग दुपारी गल्लीत जाऊन बायकांना सांगायचे की इथं बसू नका. सकाळी शाबूत लिहायचं आणि दुपारी उठा म्हणायचं, यात त्यांना विसंगती दिसत नसे. बायकांना तो खेळच झाला होता. ते दिसले की कुणीतरी ओरडायचं, "उठा गं, भिंत पडली!" आणि सगळ्या हसायच्या. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी, होळीनंतर, साहेबांना चक्कर आली आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन. उजवा हात कापायला लागला. कापत्या हातात ओळंबा स्थिर राहीना, म्हणून तो खुंटीला लागला. डोळ्यांत मोतीबिंदू होताच. बाहेर जाणं बंद, गल्लीत जाऊन ओरडणंही बंद. उरली ती सकाळची काच. डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना कसलीही काळजी देऊ नका. ज्या माणसाचं जेवणच काळजी होतं त्याच्याबद्दल हे सांगितलं होतं.

त्याच सुमारास अक्कानं मला सांगितलं, "पोरी, फ्रेमवाल्याकडनं काचेच्या पट्ट्या आण की दोन-तीन. हे मागत होते." मी आणल्या. साहेब जपून ठेवणारे, जादा आणून ठेवत असतील असं वाटलं. उन्हाळ्याची सकाळची शाळा, परीक्षेचे पेपर, माझं डोकं माझ्यातच होतं. महिन्याभरानं तिनं पुन्हा मागितल्या. "अगं, एवढ्या पट्ट्यांचं करतात काय ते?" मी विचारलं. ती हसली, पण डोळ्याला डोळा देईना. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

एके सकाळी सहाच्या आत मी पाणी भरायला खाली उतरले. अक्का कोपऱ्यात उकिडवी बसली होती. एका हातात वाटी, वाटीत कालवलेलं प्लास्टर, पदरात काचेचे तुकडे. नवी पट्टी तिनं चिरेवर दाबून धरली होती. बाजूला कपात चहाचं पाणी होतं. ओलं पांढरं प्लास्टर उठून दिसू नये म्हणून ती ते वर फासत होती.

"अक्का!"

"हळू बोल. हे उठतील."

"काच फुटली?"

"थोडी तडकली व्हती."

मी तिच्या पदराकडे बघितलं. "कितव्यांदा?"

तिनं माझा हात धरला. "पोरी, सांगू नको. दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पयली फुटली. त्या दिवशी ह्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं गं? त्यांचं काळीजच फुटलं असतं की. जरा हिंडूफिरू लागू देत, मग मीच सांगते. भिंत काय, माझ्या लग्नाच्या आधीपासनं उभी हाय."

सात वाजता साहेब आले. काचेवर बोट फिरवलं आणि वहीत लिहिलं. कापत्या हातानं एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागत होता ते मी जिन्यात उभी राहून पाहिलं. मग ते अक्काला म्हणाले, "शाबूत आहे." आणि ती म्हणाली, "असणारच की."

मी दोन दिवस गप्प बसले. हे मला स्वतःला माफ करता येत नाही. अक्काचा शब्द मोडायचा नव्हता आणि साहेबांच्या जिवाची भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, आपण सांगितलं आणि त्यांना काही झालं तर ते आपल्यामुळं होईल, ही भीती होती. वर्गात मुलांना शिकवताना शब्द हरवायचे. रात्री अंथरुणात पडलं की शेजारच्या कारखान्यातल्या मागांच्या खटखटीतला प्रत्येक मोठा आवाज भिंतीचा वाटायचा.

तिसऱ्या दिवशी एकच्या सुमारास शाळेतून येत होते. बायका नुकत्याच येऊन बसल्या होत्या. पानं कातरणं, दोरा सोडवणं चाललं होतं. त्यांच्यातली रशीदाबी आपली डब्याची पिशवी नेहमी भिंतीत उंचावर ठोकलेल्या एका खिळ्याला लांब नाडीनं अडकवायची, मुंग्या लागू नयेत म्हणून. ती पिशवी मी रोज पाहत होते. ती भिंतीला लागून असायची. जाताना वारा आला की डबा दगडावर टक टक वाजायचा.

त्या दिवशी डबा वाजत नव्हता. नाडी सरळ खाली आली होती आणि पिशवी भिंतीपासून चांगली चार बोटं सुटून अधांतरी लोंबत होती. पिशवी सरळ होती, म्हणजे भिंत पुढं आली होती. साहेबांचा ओळंबा खुंटीला लागला होता खरा, पण त्याचं काम रशीदाबीच्या डब्यानं केलं.

मी धावतच घरात गेले. साहेब झोपाळ्यावर बसले होते, अक्का तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. "काका," मी म्हटलं, "काच रोज सकाळी शाबूत नसते. अक्का बदलते."

मला वाटलं, आता हे कोसळणार. मी पुढंही झाले, धरायला. पण त्यांनी फक्त झोपाळा पायानं थांबवला. अक्काकडे बघून तेलुगूत काहीतरी एकच शब्द बोलले. तिनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि मान डोलावली.

"बाई, वही घ्या," ते म्हणाले. "माझा हात चालायचा नाही. आणि तू तारखा सांग."

"तारखा कुटल्या आठवतात मला," अक्का रडायला लागली होती. "दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एक. मग गॅस संपला आणि शेजारनं शेगडी आणली त्या दिवशी. मग मी बेस्तरवारी अक्कलकोटला गेल्ते, त्याच्या आदल्या दिवशी. मग हिच्या शाळंचा पयला पेपर व्हता, ही डबा इसरून गेली, त्या सकाळी. मग हिनं बघितलं ती. आणि आज."

घरात घडलेल्या एकेका गोष्टीवरून आम्ही तारखा शोधल्या. गॅसची पावती मिळाली. माझं वेळापत्रक होतं. जिथं जिथं 'काच शाबूत' होतं तिथं मी त्यांच्या सांगण्यावरून रेघ मारून 'फुटली' लिहिलं. एकूण सहा. मग ते म्हणाले, "मधले दिवस मोजा." मी मोजले. वीस. अकरा. सात. चार. दोन.

पुढचा आकडा आम्हां तिघांनाही येत होता.

"याला कोणता शब्द?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. काहीतरी बोलायला हवं होतं.

"याला वहीत शब्द नाही," ते उठत म्हणाले. "वही कललेल्यांची आहे. ही पडायला निघालेली आहे."

दीड महिन्यात पहिल्यांदाच ते गल्लीत आले. एका हातानं माझा खांदा धरलेला. बायकांनी पाहिलं आणि आनंदानं गलका केला, "साहेब आले! उठा गं, भिंत पडली!"

"आज खरंच उठा," साहेब म्हणाले.

"क्या साब," रशीदाबी हसत म्हणाली, "आते की साथ चालू? बैठो, चाय मंगाती. दीवार को बी कंटाळा आया होगा तुम्हारा."

साहेबांनी हात जोडले. जोडलेले हात कापत होते. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे काहीजणींचं हसू थांबलं. पण उठलं कुणीच नाही. वर्षानुवर्षं रोज उठायला सांगणाऱ्या माणसाचं ऐकून कोण उठेल? हजार विड्या संध्याकाळपर्यंत वळून द्यायच्या असतात. मी ओरडले, पिशवीकडे बोट दाखवलं, आणि मीही त्यांना ओळंबेसाहेबांची चेलीच वाटले. एक म्हणाली, "बाई, तुमाला पण लागलं का ते?"

तेवढ्यात अक्का दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, मनगटापर्यंत प्लास्टरचे पांढरे डाग. तिला रडताना त्या गल्लीनं पाहिलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "काच सहा बार फुटली. मी लपवली. त्यांचं खरं हाय, माझं खोटं हाय. उठा गं बायांनो, तुमच्या पाया पडते."

पहिली रशीदाबीच उठली. मग सगळ्या एकदम. सुपं डोक्यावर, पानं ओच्यात, दोऱ्याची रिळं गटारात गेली ती तशीच. रशीदाबी पिशवीसाठी मागं वळली तेव्हा अक्कानं तिच्या दंडाला धरून असं ओढलं की दोघी समोरच्या ओट्यावर पडल्या.

भिंत पडली नाही.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना बाजा आडव्या टाकल्या. साहेब एका टोकाला खुर्ची टाकून बसले, मी दुसऱ्या टोकाला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, भिंत उभी. जाणारे-येणारे विचारायचे आणि हसायचे. मजुरांनी सकाळी येतो म्हणून सांगितलं. सकाळी आले, भिंत बघितली आणि हिला हात लावणार नाही म्हणून परत गेले. मी शाळेत रजा कळवली. दुपार झाली. बायका लांबच्या लिंबाखाली दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि त्यांची कुजबुज मला ऐकू येत होती, की म्हातारा-म्हातारीनं मिळून दोन दिवसांचं काम बुडवलं. साहेबांच्या मांडीवर हिरवी गोटी होती. ती ते बोटांत फिरवत होते, सारखी हातातून पडत होती आणि अक्का सारखी उचलून देत होती.

पावणेचारला भिंतीच्या मधल्या सांध्यातून माती गळायला लागली, चाळणीतून पीठ गळतं तशी. मग ती सगळी लांबी एका दमात गल्लीत आली. आवाज फार मोठा झाला असं लोक सांगतात. मला आवाज आठवत नाही. धुळीच्या ढगातून साहेबांचं मोजणं मात्र आठवतं. लिंबाखालच्या बायका ते मोजत होते. अकरा. पुन्हा मोजल्या. अकरा. तिसऱ्यांदा मोजताना त्यांना आकडा पुढं नेता येईना. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

"थोडी धूळ झाली," अक्का पदरानं त्यांचं तोंड पुसत म्हणाली. थोडी म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. भिंतीच्या जागी कमरेएवढी नवी भिंत आली आणि तिच्यावर गल्लीनंच पत्र्याची सावली केली. पत्र्याला पिच किती द्यायचा ते साहेबांनी सांगितलं, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. नव्या कोपऱ्यात चीर नव्हती, तरी त्यांनी काच लावलीच. मी तोवर पुण्याला नोकरी घेतली होती. दहाव्या दिवसाला गेले तेव्हा अक्कानं ती 'काच शाबूत'ची वही माझ्या पिशवीत घातली. "मला लिवता येत न्हाय," ती म्हणाली. "मी फोन करीन. तू लिव."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मला सोलापूरहून फोन येतो. "शाबूत हाय," ती म्हणते आणि ठेवते. मी चहा ठेवता ठेवता तारीख घालून लिहिते. कमरेएवढी भिंत, तिचं काय होणार आहे? पण मी लिहिते, आणि दिवसभर मला बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात एके दिवशी सात वाजून गेले. सव्वासात झाले, साडेसात झाले. मी केला तर उचलेना. त्या तासाभरात मी पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर काय काय पाहिलं ते सांगत नाही. आठला पाच मिनिटं असताना फोन वाजला. तिला धाप लागली होती.

"पोरी, फुटली."

"काय? भिंत कशी आहे? तू कुठं आहेस?"

"भिंत हाय तशी हाय. मांजरानं उडी मारली, म्या डोळ्यांनी बघितलं. नवी पट्टी घरात हाय, घटकाभर हातात धरून बसले. लावून टाकली असती, तुला काय कळलं असतं?" ती थांबली. "पर फुटली म्हंजे फुटली. लिव."

मी वही उघडली आणि लिहिलं.